डबा होता

रंजनाला हे माहीत नाही. माझ्या घोरण्यापासून रक्तदाबापर्यंत माझं सगळं तिला ठाऊक आहे — हे नाही. तुला का सांगतोय, ते मलाही नीट सांगता येणार नाही. ऐक फक्त.

गाडीपासून सुरू करतो, ते सोपं आहे. जुनी, दोनच सीटची, लाल. तिचं इंजिन गेलं, तेव्हा अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीचं मोठं इंजिन आणून मी ते तिच्यात बसवलं. बर्मिंगहॅमच्या थंडीत सगळा हिवाळा त्यात गेला. इंजिन बदलायला इथे बंदी नाही, फक्त धूर नियमात बसला पाहिजे. त्यासाठी धुराच्या नळीत एक डबा लागतो — कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातलं विष मारणारा. तो डबा माझ्याकडे होता. पण तो लावला की नाक दाबल्यासारखं इंजिन चालायचं — मला तरी तसं वाटायचं. आवाजही मिळमिळीत. आणि मी पोटापाण्यासाठी काय करतो? एका कारखान्यात इंजिनांचा धूर मोजतो. हस तू. मला हसू येत नाही, पण तू हस.

गाडीची वार्षिक तपासणी, एमओटी, करायची होती. रंजनाचा धाकटा भाऊ मिलिंद तेव्हा एका गॅरेजमध्ये एमओटी टेस्टर होता. घरचा माणूस असताना बाहेर कोण जातं? डॉक्टर असो की प्लंबर, ओळख काढल्याशिवाय आपलं पान हलत नाही. तेवढ्यापुरता मी डबा बसवला. मिलिंदने मात्र इतरांपेक्षा माझीच गाडी जास्त वेळ वर टांगून ठेवली. खालून टॉर्च मारला, डब्यावर बोटांनी टकटक केली, धूर मोजला. "दाजी, पाहुण्यांची गाडी डबल चेक करावी लागते. नाहीतर लोक म्हणतील, मेहुण्याने पदरात घातली," म्हणाला, आणि माझ्याच जॅकेटला हात पुसले. गाडी पास झाली. त्याच आठवड्यात मी डबा काढून टाकला.

उन्हाळ्यात पोलिसांनी आवाजावरून गाडी अडवली. खाली डबा नाही. चौकशी मिलिंदवर गेली — पास त्याने केली होती ना. तो सांगत राहिला, डबा होता, मी हात लावून पाहिला. मग तपास करणारा माणूस माझ्याकडे आला. आमच्या किचनमध्ये बसला, चहा घेतला. सभ्य माणूस. एमओटीच्या दिवशी डबा होता का, एवढंच त्याने विचारलं. हो म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता — मग काढला कुणी? आणि माझी नोकरी?

मी म्हणालो, "आय कान्ट बी शुअर." आणि मग — कुणी विचारलं नव्हतं — पुढे जोडलं, "ही इज फॅमिली, यू सी."

ते दुसरं वाक्य खोटं होतं का? नव्हतं. आपल्याकडे असं म्हणून आपण माणसाला सांभाळून घेतो. पण या देशात माझी निम्मी हयात गेलीय. टेबलापलीकडचा माणूस त्यातून काय समजेल, ते मला पक्कं ठाऊक होतं. आणि तो तेच समजला. मिलिंदने दुसऱ्याच गाडीचा धूर मोजून आपल्या दाजींची गाडी पास केली, असं ठरलं. त्याची टेस्ट करायची परवानगी गेली, गॅरेजनेही काढलं. मी किरकोळ दंडावर सुटलो. त्या संध्याकाळी मी जेवलो, बातम्या पाहिल्या, झोपलो. वाईट वाटेल म्हणून वाट पाहत होतो. अजून पाहतोय.

मिलिंद आता बस चालवतो. माझा संशय त्याला कधी आलाच नाही. दाजी खोटं कशाला बोलतील? मग खोटं काय — तर आपलेच डोळे, असं त्याने धरलं. काही महिन्यांनी तो डोळे तपासून आला आणि त्याने मला फोन केला. बहिणीला नाही, मला.

"दाजी, डोळे एकदम फाइन आहेत म्हणतात. मग मला तो डबा दिसला कसा?"

तेव्हा तरी बोलायचं ना? एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "होतं रे असं कधीकधी. दमला असशील." तो हो म्हणाला. त्याची नोकरी घालवली त्यापेक्षा हे वाईट होतं, हे मला कळतं. कळतं — वाटत नाही.

परवा रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला. गाडी लॉक केली, दारापर्यंत आला, परत जाऊन हँडल ओढून पाहिलं. पुन्हा आला, पुन्हा गेला. रंजना दारातून ओरडली, "मिल्या, लॉक आहे ती! दिसत नाही का?"

"दिसतंय गं ताई," तो म्हणाला, "पण माझ्या दिसण्याचं काही खरं नाही."

रंजना हसली. मीही हसलो.