याडीची उंच जीप

आमच्या घरात आईला याडी म्हणतात. आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजारा. पणजोबा-खापरपणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा मुलूख पालथा घातला आणि शेवटी दिग्रसच्या अलीकडे, एका नाल्याच्या पल्याड, तांडा टाकून कापूस पेरायला बसले. ती जागा ज्यानं कुणी निवडली त्याला मी लहानपणापासून नावं ठेवत आले आहे. आठ महिने तो नाला बकरी ओलांडते. पावसाळ्यात मात्र तो अंगात आल्यासारखा वागतो आणि त्याच्या दोन्ही काठांची काळी माती अशी की पाय टाकला तर चप्पल तिची, पाय तेवढा आपला.

मी लग्न होऊन दारव्ह्याला आले, तिथे ब्लाऊज शिवते. धाकटा भाऊ तांड्यातच शेती करतो. याडी त्याच्याकडे राहते, म्हणजे खरं तर भाऊ तिच्याकडे राहतो. तिच्या किडन्या कामातून गेल्या तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिस, आणि एकही फेरी चुकवायची नाही. मी म्हटलं, माझ्याकडे चल, दारव्ह्याहून एसटी आहे, सगळं सोपं. ती म्हणाली, "मले मरायचं असन तं सांगतो तुले. सध्या जगायचं हाय, म्हून घरी राह्यतो." तिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही, माझे वडीलसुद्धा नाही.

पहिल्याच पावसाळ्यात भावाची जुनी जीप नाल्यात बसली आणि याडीची फेरी चुकली. तिचे पाय भोपळ्यासारखे सुजले. भाऊ त्या दिवशी जेवला नाही. पुढच्या आठवड्यात त्यानं जीप दिग्रसच्या एका मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीनं स्प्रिंगच्या कमानींखाली लोखंडी ठोकळे घालून ती उचलली आणि नागपूरहून कुठूनशी मोठमोठी चाकं आणली, डोंगरदऱ्यांत शर्यती लावणाऱ्या गाड्यांना असतात तसली. ती मडगार्डच्या बाहेर चांगली वीतभर डोकावायची. जीप घरी आली तेव्हा कोंबड्या छपरावर चढल्या.

पण चालायची मात्र देखणी. नाला मांडीएवढा असला तरी ती हळूहळू उतरायची, पाणी दोन्ही अंगांनी फाकायचं आणि पलीकडचा चिखल तुडवत ती वर यायची. याडीला आत चढवायला भावानं बाभळीचा एक पाट करून घेतला होता. गाडी थांबली की तो आधी पाट टाकायचा, मग हात द्यायचा. फेटियाचा, म्हणजे आमच्या घागऱ्याचा, घेर सावरत याडी चढायची आणि पुढच्या सीटवर अशी बसायची की तांड्याच्या नायकाला वाटावं आपली गादी गेली. त्या दोन पावसाळ्यांत तिची एकही फेरी चुकली नाही. आणि तिचीच काय, तांड्यातली बाळंतीण, साप चावलेला माणूस, परीक्षेला जाणारी पोरं, सगळ्यांना त्याच जीपनं पार केलं. माझ्या भावाचा मला फार अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो.

गेल्या वर्षीच्या पोळ्याला पोट्ट्यांनी कळसच केला. बैलांच्या रांगेत जीपही उभी केली. बॉनेटला झूल, आरशांना गोंडे, चाकांना हळद. बैल ज्याखालून जातात ते तोरण तिच्या टपाला लागत होतं म्हणून बांबू रोवून ते वर घेतलं. जीप तोरणाखालून गेली तेव्हा झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणाऱ्यांचा घसा बसला. याचा व्हिडिओ कुणी काढला नसता तरच नवल. दारव्ह्यातल्या माझ्या गिऱ्हाइकांनीसुद्धा तो मलाच आणून दाखवला. त्यात नंबरप्लेट अगदी स्वच्छ दिसत होती, पण तेव्हा आम्ही सगळे चाकांकडेच बघत होतो.

या वर्षी आषाढात यवतमाळच्या रस्त्यावर आरटीओची गाडी उभी होती. मी त्या दिवशी याडीसोबत होते. खाकी कपड्यातल्या एका मॅडमनी हात केला आणि भाऊ खाली उतरायच्या आत म्हणाल्या, "हीच ना, पोळ्यातली?"

भावाची मान खाली गेली. मॅडमनी टेप काढला. मी जन्मभर टेप हाताळते, म्हणून मला माणसाचा हात लगेच कळतो. त्यांनी टेप ओढून माप वाढवलं नाही, तो सैल सोडला. चाक मोजलं, मडगार्डबाहेर आलेला भाग मोजला, मग वाकून बंपरची जमिनीपासूनची उंची मोजली आणि आरसीवरच्या गाडीशी ताडून पाहिली. घाई नव्हती, आवाज नव्हता. मला राग यायला हवा होता, पण मी बघतच राहिले.

"कंपनीनं जशी दिली तशीच गाडी रस्त्यावर चालते, भाऊ," त्या म्हणाल्या. "उंची, चाकं, आपल्या मनानं बदलता येत नाही. दंड तर होईलच. गाडी मूळ रूपात आणून दाखवा, नाहीतर नोंदणी थांबवावी लागेल."

भावानं सगळं सांगितलं. नाला, चिखल, याडीचे सुजलेले पाय. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी मागे थांबलेल्या एका मोटरसायकलवाल्याला बोलावलं आणि गाडीवर बसूनच जीपसमोर उभं राहायला सांगितलं. तो बिचारा बाजारातून कोथिंबीर घेऊन चालला होता. त्याची छाती आणि जीपचा बंपर एका रेषेत येत होते.

"साध्या गाडीचा धक्का लागला तर पायाला लागतो," त्या म्हणाल्या. "तुमचा इथं लागेल. आणि एवढ्या जड चाकांना तुमचे ब्रेक पुरत नाहीत. नाल्यात तुमची गाडी खरंच चांगली असेल. पण नाल्यापासून यवतमाळपर्यंत हा रस्ता त्याचाही आहे."

भाऊ त्या कोथिंबिरीच्या जुडीकडे बघत राहिला. नंतर कितीदा तरी तो मला म्हणाला आहे, बाई, हे माह्या डोक्यात कधी आलंच नाही. दंडाचं त्याला काही वाटलं नाही, त्या माणसाच्या छातीचं वाटलं.

तेवढ्यात याडी खिडकीतून म्हणाली, "बाई, तुह्या कायद्यात गाडी उंच करता येत नाही. रस्ता उंच करता येते का?"

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "त्याला माझी परवानगी लागत नाही, मावशी. आता आधी दवाखान्यात जा. हळू चालवा."

जीप मिस्त्रीकडे गेली आणि याडी माझ्याकडे आली. पाऊस जोरात होता, दुसरा इलाज नव्हता. एसटीनं फेऱ्या सुरळीत होत होत्या, पण याडी सुकत चालली. माझं पाणी तिला गोड लागेना, माझ्या चुलीला धूर नाही म्हणून भाकरीला चव नाही, माझ्या गल्लीत कुणी गोरमाटी बोलत नाही म्हणून झोप नाही. एकदा मी मशीनवर बसले असताना ती दारात उभी राहून नुसती बाहेर बघत होती. मी विचारलं, काय बघतेस. ती म्हणाली, "काही नाही. इकडं कोनाचा बैल ओळखीचा नाही." माझ्या हातून त्या दिवशी बाही उलटी शिवली गेली. औषधपाणी सगळं वेळेवर होतं आणि तरी माझ्या डोळ्यांदेखत माझी आई कमी होत होती. ती घरी परत गेली नाही तर ती फार दिवस काढणार नाही, हे मला कळत होतं आणि मी घाबरले होते.

मग पोळा जवळ आला तशी ती एकदम ताजी झाली. माझा मोबाइल तिच्याच हातात. नंबर मी लावून द्यायचे, बोलायची ती.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळतात आणि त्यांच्या कानात सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हा नियम कुणी मोडत नाही. याडीनं त्या दिवशी तांड्यातल्या घराघरांत फोन लावला, आणि प्रत्येकाला एकच सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या दगड वाह्याले या."

कुणाला वाटलं म्हातारी भ्रमली. नायक म्हणाले, "बाई, पोळ्याच्या दिवशी काम करते का कोनी?"

"सुटी बैलाइले हाय," याडी म्हणाली. "तुमाले कोनं देली?"

त्यावर नायकांनी जे उत्तर दिलं असेल ते मला ऐकू आलं नाही, पण याडी फोन ठेवून समाधानानं सुपारी कातरायला बसली. सरपंचांना भावानं विचारलं होतं, नाल्यावर रपटा, म्हणजे पाइपांवरचा बुटका पूल, आम्हीच घातला तर चालेल का. ते म्हणाले, रपटा मंजूरच आहे, फक्त कधी होईल ते वरच्याला माहीत. तुम्ही करून राह्यले तर कोण अडवते. ग्रामपंचायतीनं कधीकाळी आणून टाकलेले सिमेंटचे पाइप नाल्याकाठी पडलेच होते. त्यांत कुत्री व्यायची.

पोळ्याला मी याडीला घेऊन गेले. पावसानं उघडीप दिली होती, नाला घोट्याएवढा होता, पण चिखल होताच. तिला अलीकडच्या काठावर बाजेवर बसवलं. पलीकडे तिचं घर दिसत होतं. आणि मग मी जे पाहिलं ते मी विसरणार नाही. बैल न्हाऊन, शिंगं रंगवून, झुली पांघरून गोठ्यांसमोर निवांत उभे होते, आणि अख्खा तांडा शेतांच्या धुऱ्याधुऱ्यावरून दगड वाहत होता. बाप्यांच्या खांद्यांवर, बायांच्या डोक्यांवर, पोरांच्या पोटाशी धरून. ज्या दगडांना नांगराचे फाळ मोडले म्हणून आम्ही पिढ्यानपिढ्या शिव्या दिल्या, तेच दगड. आमचे लोक ओझं वाहायचं विसरले नव्हते. कुणाची चाल चुकत नव्हती, कुणी कुणाच्या वाटेत येत नव्हतं. याडी बाजेवरून ओरडत होती, "बुडाले मोठे टाका, मोठे. तो काय दगड हाय का लाडू?"

सगळ्यात शेवटी भाऊ आला. तो ती चाकं एकेक करून घरंगळवत आणत होता. जीप मापात आली होती, पण काढलेली चाकं त्यानं अंगणात ठेवली होती. दर आठवड्याला धुवायचा त्यांना. दिग्रसचा एक व्यापारी विकत मागत होता. मी म्हटलं, विकून टाक ना.

"विकले तं दुसरा कोनी लावन, बाई," तो म्हणाला. "आन् त्याच्या समोरूनबी कोनी कोथिंबीर घेऊनच येईन ना."

त्यानं चाकं नाल्यात बसवलेल्या पाइपांच्या दोन्ही बाजूंना आडवी टाकली, जिथं पाणी माती ओढून नेतं तिथं. त्यांच्या पोटात दगड ठासले, वर मुरूम. शेवटच्या चाकावर त्यानं एकदा हात फिरवला आणि मग फावडं उचललं. मला भरून आलं आणि मी ते कुणापासून लपवलं नाही.

तोरण त्या संध्याकाळी मैदानात नाही, रपट्यावर बांधलं. या वेळी ते वर घ्यावं लागलं नाही. एका पोट्ट्यानं लगेच झडती जुळवली:

"चाकं पुरले पाण्यात,
गाडी आली मापात,
बुढी चालली घरात,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव."

मानाचा बैल आधी गेला. त्याच्या मागे याडी, माझा खांदा धरून, पायी. जीपला त्या दिवशी भावानं हात लावला नाही. ती पण वर्षभर ओढते, म्हणाला.

खरी परीक्षा त्यानंतर आली. मी चार दिवस तिथेच थांबले होते. फेरीच्या आदल्या संध्याकाळपासून पाऊस धरला आणि सकाळी नाल्याचा आवाज घरापर्यंत येत होता. भाऊ काठी घेऊन गेला, रपट्यावर इकडून तिकडे चालत जाऊन आला. पाइप भरून वाहत होते, वरून पाऊल बुडेल एवढं पाणी. भाऊ म्हणाला, दगड हलला नाही. पण इथं गाडी बसली तर याडी पुन्हा माझ्या गल्लीत येणार आणि या वेळी ती परत जाणार नाही, हे मला आणि भावाला दोघांनाही माहीत होतं.

जीप दारात आली. भावानं सवयीनं पाट खाली टाकला. याडीनं तो पायानं बाजूला सारला आणि एका पावलात आत बसली. नाल्यावर आलो. भावानं पहिला गिअर टाकला, पुढची चाकं रपट्यावर चढली, आणि त्याला लवकर पार व्हायचं होतं म्हणून त्यानं जरा जोर दिला.

याडीनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"हळू," ती म्हणाली. "खाली तुहे चाकं हायत."