आइनाचा बुडखा

वैशाखातली दुपार. जेवून ओटीवर पडलेय, शेजारी आइनाच्या लाकडाचा खांब आडवा. पापणी जडावतेय, पण जीव त्या खांबात अडकलाय. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, गोठ्यासाठी स्वतः तासलेला खांब. ते गेले, मागोमाग गुरं गेली, आणि रिकामा गोठा मी परवा उतरवला. खांब ओटीला लावायचं ठरलं. किडलेली दोन्ही टोकं वासू मेस्त्रीने कापली, रंधा मारला. बुडखा कुठला नि शेंडा कुठला, हे बघून ठेवायचं मात्र मी विसरले. झाड रानात जसं उभं, तसाच खांब घरात उभा, बुडखा खाली. आप्पांनी जन्मात कधी उलटा खांब लावला नाही.

"कसाही लावू की ताई, खांब काय बोंबलतोय?" वासू म्हणाला. उद्या सकाळी तो येणार.

डोळा लागतो, तोच शेणाचा ओला वास येतो.

"किती घोरतेस गो बाय!"

आप्पा. खांबावर पाय सोडून बसलेत.

"आप्पा, गोठा मोडला मी."

"मग काय वाळवीला आंदण द्यायचा होता?"

मला हसू येतं, रडूही. "पण बुडखा कळत नाही हो."

"सुताराची पोर ना तू? धर ते टोक."

खांब पिसासारखा उचलला जातो. ओटीची पायरी उतरते ती थेट नदीच्या डोहात. पाणी गुडघ्याला गार. आप्पा खांब पाण्यावर सोडतात आणि गुणगुणतात,

रानीचा गं आइन, गाईच्या गोठ्याचा खांब
लेकीच्या दारात, आता उभा राहून थांब

"बायकांची ओवी, आणि तुम्ही?"

"आता कोण हसतंय मला! बोलू नको, बघ."

खांब हेलकावतो, थांबतो. मग गाय पाणी प्यायला मान वाकवते तसं त्याचं एक टोक हळूच खाली जातं.

"जड तो बुडखा. मुळाकडचं लाकूड भरीव."

"मी उलटाच लावला असता, आप्पा."

"लावतीस तरी रागावलो नसतो. चुलीत नाही घातलास, पुष्कळ झालं."

किती दिवसांनी पोटभर श्वास येतो. डोहावर ऊन चमकतं, आणि आप्पा उभे होते तिथे नुसतं ऊनच उरतं.

जाग येते. खांब जागच्या जागी, कोरडा ठणठणीत. फक्त एक टोक वीतभर ओलं. हात लावते तर गार.

मी चुलीतला कोळसा आणते, आणि ओल सुकायच्या आत तिथे फुली मारते.