नखांमधली खिडकी

माय सेलूच्या जिनिंगवर मजुरी करायची, अण्णा मोंढ्यात हमाली. माय घरी यायची तेव्हा तिच्या भुवयांवर कापसाची तूस बसलेली असायची, आणि खोकत खोकतच ती चूल पेटवायची. माझी बारावी झाल्यावर अण्णा म्हणाले, बास झालं आता. मानवतचं एक स्थळही आलं होतं.

त्या आठवड्यात गव्हाणे सर सायकलवर आमच्या दारात आले. कॉलेजात ते अकरावीपासून आम्हाला जीवशास्त्र शिकवायचे. चहाआधी त्यांनी अण्णांच्या तळहातावर कापसाचं एक फूल ठेवलं. पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, उमलायचं राहून गेलेलं. हे का फुललं नाही, असं सरांनी विचारलं.

“डोमकळी हाय ती,” अण्णा म्हणाले. “आत अळी आसती.”

“तुमी न शिकता वळखलं. पोरीला तर शिकायचं हाय.”

अण्णांनी पाकळ्या उकलून आतली अळी बाहेर काढली. मानवतचं स्थळ गेलं, मी कॉलेजात गेले.

सरांचं शिकवणं एकाच धाग्यावर चालायचं. “घडण बघा, काम कळंल. काम बिघडलं, तर घडण बघा.” बगळ्याचा पाय आणि कोंबडीचा पाय शेजारी काढून विचारायचे, चिखलात कोण उभं राहील, उकिरडा कोण उकरील? डोमकळी तर दरवर्षी वर्गात फिरायची. “फूल फुलंना, तर फुलाला बोल लावू नका. आत कोण बसलंय ते बघा.” हे म्हणताना त्यांचा आवाज खाली यायचा आणि मागच्या बाकावरची पोरंही पुढं झुकायची.

दिवाळीनंतर फुप्फुसाचा धडा यायचा. त्या दिवशी सर दोन्ही हातांचं एकेक बोट नखाला नख लावून उजेडात धरायला सांगत. मध्ये चौकटच्या पत्त्यावरच्या खुणेसारखी बारीक फट दिसते. सर तिला खिडकी म्हणायचे. फुप्फुसात जुनं दुखणं असलं, तर बऱ्याचदा नखाखालचं मांस फुगतं, नख पोपटाच्या चोचीसारखं वाकतं आणि खिडकी बुजते. मी घरी जाऊन आधी मायची नखं बघितली. खिडकी होती. जीव भांड्यात पडला.

शेवटच्या वर्षी सरांनी नेहमीसारखे हात डोक्याच्या वर धरले, जोडलेली नखं वर्गाकडं, स्वतःची नजर आमच्यावर. मी पहिल्या बाकावर होते. त्यांच्या नखांत फट नव्हती. शेजारच्या पुष्पानं बाकाखाली मला चिमटा काढला. कोणीच बोललं नाही. सरांना ठाऊक असणारच, असं आम्ही धरून चाललो. आणि गुरुजींच्या अंगातलं वाईट त्यांच्या तोंडावर सांगायची आमच्यात रीत नाही.

मग सर जिन्यात थांबायला लागले. “पायऱ्या वाढवल्या का रे कोणी?” म्हणायचे. पोरं हसायची. मला हसू यायचं नाही. शिमग्याच्या सुमारास एक वाक्य फळ्यावर अर्धंच राहिलं आणि सर खुर्चीवर बसले. तास सुटल्यावर मी एकटीच पुढं गेले.

“सर, तुमच्या नखांत खिडकी न्हाई.”

त्यांनी हात चष्म्यासमोर आणले. नखाला नख लावलं. खडूची पूड पुसून परत लावलं.

“कवापासून बघायलीस?”

“दिवाळीपासून.”

रागावले असते तर बरं वाटलं असतं. “बघायला शिकलीस,” ते हळू म्हणाले. “सांगायला न्हाई शिकलीस. अर्धाच धडा झाला, बाई.”

फुप्फुसात गाठ निघाली. माझा निकाल लागायच्या आत सर गेले. चार महिने आधी कळलं असतं तर काय झालं असतं, हे कोणाला विचारायची माझी छाती झाली नाही.

आता मी झरीला शाळेत विज्ञान शिकवते. फुप्फुसाच्या धड्याला मी हात वर धरते आणि आधीच सांगते, माझी खिडकी दिसली नाही तर उठून बोलायचं. मागच्या साली सातवीतली एक पोरगी उठली. म्हणाली, “बाई, तुमची दिसंना.” वर्ग हसला. मी उजेडाकडं वळून बघितलं. खिडकी होती, बोटं जरा तिरकी झाली होती. तरी मी त्या पोरीसाठी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

आमच्या खानदानातली पहिली पदवी माझी आहे. उरलेला अर्धा धडा मी शिकवते.