न तुटलेला दोर

हे आजवर कुणापाशी काढलं नाही — बायकोपाशीसुद्धा नाय. तुम्ही तरी माझे कोण? पण आता पोटात ठेववत नाही.

शेंद्र्याला दोर बनवायच्या कारखान्यात मी क्वालिटीत होतो. दुष्काळाची वर्षं. गावात टँकरपुढं हंड्यांची रांग, अन् शहर मात्र वाढतच चाललेलं — काल ज्वारी होती तिथं आज शेड. अशात परदेशातून ऑर्डर आली: समुद्राच्या तळाशी सोडलेल्या खेकड्यांच्या पिंजऱ्यांना बांधून वर पाण्यापर्यंत आणायचा दोर, पण मुद्दाम कच्चा. देवमासा अडकला तर त्याच्या हिसक्यानं तुटला पाहिजे. आम्ही लई हसलो. इथं माणसाला प्यायला पाणी नाय अन् ह्यांना माशाची पडलीय!

हसलो, पण मला सगळं ठाऊक होतं. ऑर्डर देणाऱ्या पार्टीच्या माणसानं मला समजावलं, अन् मीच ते कामगारांना मराठीत सांगितलं. अडकलेला देवमासा लगेच मरत नाही. दोर मांसात रुततो, तो ओढत महिनोन्महिने पोहतो, खाता येत नाही, वाळत जातो. मादी असली तर तिला पिल्लू होत नाही. आधीच थोडे उरलेत. एकेक मादी गेली की पुढची वीणच खुंटते. दोर वळायच्या मशीनवर पिशोरच्या कमलमावशी होत्या. एकट्या त्याच हसल्या नाहीत.

मग एका लॉटमध्ये नेहमीचा पक्का धागा गेला. कुणामुळं? माझ्यामुळं — धागा तपासायचं काम माझं, अन् मी तपासलाच नाही. टेस्टिंग मशीनवर दोर तुटेचना. साहेबाला सांगायचं होतं. सांगितलं का? बढती तोंडावर आलेली — शेपूट घातलं मी. आधीच्या, नीट तुटणाऱ्या लॉटचे तुकडे मशीनला लावले अन् सगळा माल पास केला. गाडी गेली. बढती मिळाली. शहरात फ्लॅट घेतला, पेढे वाटले. थू!

तो लॉट कमलमावशींच्या मशीनवरचा. गाडी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी चहाच्या सुट्टीत त्यांनी मला गाठलं.

“साहेब, म्या वळलेला दोर तुटला ना?”

जन्मभर पक्कं काम केलेली बाई ती — दोर तुटावा म्हणून जिवाला लावून घेत होती. तेव्हा तरी बोलायचं ना? माल अजून बंदरातच होता. एक फोन पुरला असता.

“तुटला, मावशी. पटकन तुटला.”

“बरं झालं बाई. जाईल मग सुटून बिचारी.” अन् निवांत चहा प्यायल्या.

प्लास्टिकचा दोर सडत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.