गरम पाण्यात धुतलेला कोट

डाग बघून ती माणूस ओळखायची. आत्याच्या लाँड्रीत तीन वर्षं राबल्यावर एकोणिसाव्या वर्षीच तिला कळायला लागलं होतं की कॉलरवरची लिपस्टिक बायकोची आहे की नाही, आणि औषध सांडलं म्हणून आणलेला शर्ट नक्की कुठल्या बाटलीने भिजलाय. गल्लीत तिला डागवाली म्हणत. हातांना ब्लीचचा वास, नखं झिजलेली; एवढ्या भांडवलावर कोण प्रेमात पडणार, असं आत्याचं स्पष्ट मत होतं.

पडला तो कोपऱ्यावरच्या मटणवाल्याचा मुलगा. दर सोमवारी तो रक्ताने माखलेल्या सात अ‍ॅप्रनचं गाठोडं आणायचा. मग गुरुवारीही यायला लागला. एका गुरुवारी तिने अ‍ॅप्रन उलगडून हुंगला.

“हे रक्त नाही. टोमॅटो सॉस आहे.”

“मग तो निघत नाही का?” त्याने काउंटरकडे बघत विचारलं. त्याचे कान लालबुंद झाले होते.

पोरगा अंगाने दांडगा, पण बापाच्या धंद्यात सपशेल कुचकामी. बकरा कापायची वेळ आली की नेमकी याला लघवीला लागायची. तो फक्त वजन करायचा आणि बांधून द्यायचा. तिला तो आवडला.

त्याच महिन्यात तळ्याकाठच्या बाकावर कॉलेजातली एक जोडी गळे चिरलेली सापडली. पंधरा दिवसांनी दुसरी. सगळीकडे भीतीने गाळण उडाली; आईबापांना मात्र आतून थोडं बरंही वाटलं, कारण पोरं अंधार पडायच्या आत घरी यायला लागली. निवृत्त ड्रिलमास्तरांनी गस्तीचं पथक काढलं. गळ्यात शिट्टी, हातात काठी, आणि कुणी जवळजवळ बसलेलं दिसलं की अर्धा तास भाषण. लोक म्हणाले, असा माणूस हवा.

संशय गेला मटणवाल्याच्या मुलावर. सुऱ्या आहेत, कपड्यांना रक्त असतं, वर मान खाली घालून चालतो. गल्लीला एवढा पुरावा पुरला. पोलिसांनी त्याला दोन दिवस बसवून ठेवलं, सातही अ‍ॅप्रन तपासले, सातांवर बकऱ्याचंच रक्त निघालं आणि त्याला सोडून दिलं. तरी दुकानात गिऱ्हाईक फिरकेना.

तो गाठोडं न घेताच लाँड्रीत आला. “तुला काय वाटतं?”

“तुला एक बकरा कापवत नाही,” ती म्हणाली. “तू चार माणसं काय कापणार?”

जन्मात त्याच्याशी कुणी इतकं गोड बोललं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ड्रिलमास्तर आपला लोकरी कोट घेऊन आले. “दार रंगवत होतो. बाहीवर थोडं उडालं.”

तिने बाही खिडकीपाशी धरली. डाग तपकिरी, बारीक शिंतोड्यांचा होता आणि लोकर आटली होती. कोट आधी कुणीतरी उकळत्या पाण्यात बुचकळला होता. गरम पाण्याने रक्त कापडात पक्कं बसतं, हे मटणवाल्याच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मास्तरांना ठाऊक नव्हतं.

“उद्या चारला या,” ती म्हणाली. ते पावती घेऊन गेल्यावर तिने बाही आत्यासमोर धरली.

आत्याने पोलीस चौकीत फोन लावला. हवालदार हसला. “मास्तर इथेच बसलेत, बाई. त्यांनाच विचारू का?” आत्याने फोन आपटला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानेच कोट पिशवीत कोंबला आणि थेट मोठ्या साहेबाचं ऑफिस गाठलं. भाचीला एकटं ठेवायला नको म्हणून मटणवाल्याच्या मुलाला मागच्या खोलीत चादरींच्या घड्या घालायला बसवून गेली.

मास्तर बाराला आले आणि आल्या आल्या त्यांनी शटर खाली ओढलं.

“कोट?”

“अजून वाळला नाही.”

“तुमच्यासारख्या पोरींनीच सगळं नासवलंय,” ते हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाले आणि त्यांनी खिशातून वस्तरा काढला.

पहिला वार तिच्या दंडावर बसला. तिची किंकाळी ऐकून मुलगा धावत बाहेर आला, रक्त बघितलं आणि डोळे पांढरे करून धाडकन मास्तरांच्या पायांवर कोसळला. मास्तर तोंडघशी पडता पडता सावरायला गेले आणि त्यांचा वस्तऱ्याचा हात वाफेच्या इस्त्रीयंत्राच्या उघड्या जबड्यात पडला. तिने जबडा मिटायचं पेडल दाबलं. तीन वर्षांत इतकी चोख इस्त्री तिच्या हातून झाली नव्हती. मास्तरांची बोंब पार बाजारापर्यंत ऐकू गेली. लोकांनी शटर उचकटून वस्तरा काढून घेईपर्यंत तिने पेडलवरचा पाय हलवला नाही.

दवाखान्यात तिच्या दंडाला चौदा टाके पडले. शेजारच्या खाटेवर कपाळाला टेंगूळ आलेला मुलगा तोंड भिंतीकडे करून पडला होता. “झालं का? बघू का आता?” असं दर टाक्याला विचारत होता.

कोटाच्या बाहीवरचं रक्त तळ्याकाठच्या पोरांचंच निघालं आणि मास्तरांना जन्मठेप झाली. शिस्त लावत होतो, एवढंच ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. गल्ली आपला संशय सोयीने विसरली आणि मटणाला पुन्हा रांग लागली, पण मुलगा दुकानात परतला नाही. तो लाँड्रीतच राहिला.

गच्चीवर चादरी वाळत घातल्या की तिला मात्र धडकी भरायची. प्रत्येक चादरीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. मग रोज सकाळी तो पुढे जायचा, एकेक चादर उचलून बघायचा आणि मोठ्याने सांगायचा, “इथे कुणी नाही. इथेही नाही.” असे सहा महिने गेले. एका सकाळी त्याने शेवटची चादर उचलली, तर मागे ती उभी. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हा आता पुन्हा आडवा होतोय असं वाटून तिने त्याची कॉलर घट्ट धरली आणि तो शुद्धीवर आहे तोवर त्याचा मुका घेऊन टाकला.

खालून आत्या विचारत होती, चादरी वाळत घालताय की विणताय म्हणून.