'आधीच आहे' असं मी लिहिलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि गंमत बघा — सांगायला बसलो की अजून आधी आनंदच वर येतो, लाज मागून येते.

मी गंगाखेडला घरी बसून कर्नलचं काम करतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. त्याचा कोड जगाला खुला. कुणीही सुधारणा पाठवावी, आणि सगळ्यांदेखत तिची चिरफाड व्हावी. म्हणून नवखी माणसं आधी ओळखीच्याला दाखवतात. वालूरची मीनाक्षी कॉलेजात माझ्या दोन वर्षं मागे होती, आता परभणीत शिकवते. तिनं मला दाखवलं. "दादा, चुकलं असंल तर आधी तुमीच सांगा. चारचौघांत हसं नको व्हायला."

वीस ओळींचं फंक्शन, म्हणजे कोडचा एक छोटा तुकडा. मशीन अडकलं की कोणतं काम कुणामुळे खोळंबलंय, ते ओळीनं छापून दाखवणारं. एवढंच. पण काय सांगू — मी खुर्चीतून उठलोच! ज्या बिघाडापायी मी महिनाभर डोकं फोडत होतो, तो त्यानं पहिल्या झटक्यात दाखवला. मी खोलीत येरझारा घालत होतो. इतकं सोपं, इतकं नेटकं... हे मला का नाही सुचलं?

इथेच — इथेच माशी शिंकली. तिला फोन करायचं सोडून मी लिहिलं, "छान आहे, पण असं फंक्शन आधीच आहे. पाठवू नकोस." धादांत खोटं. कर्नलमध्ये तिचं नाव पहिल्यांदा लागणार होतं, हे मला ठाऊक होतं. तीन आठवड्यांनी मी तेच, थोडं इकडचं तिकडे करून, माझ्या नावानं पाठवलं.

ते घेतलं गेलं त्या दिवशी आनंद झाला का? झाला. गल्लीत पेढे वाटले मी. आता खोटं कशाला बोलू?

मग मीनाक्षीचा फोन आला. तिला ते दिसलं होतं. पण ती हसत होती.

"आधीच हाय म्हणलात ते तुमचंच होतं व्हय, दादा? मग तसं सांगायचं की. मी वर्गात शिकवायलेय ते, तुमचं नाव घेऊन."

स्वतःचं आहे हे मी सांगितलं नाही, हा तिला माझा मोठेपणा वाटला. कोडशेजारी तो पाठवल्याची तारीख असते; माझी तारीख तिनं मला दाखवल्यानंतरची. तिनं ती बघितलीच नव्हती. का बघेल? तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता.

मी "हो" म्हणालो. ते फंक्शन मीनाक्षीचं आहे.