आठ-सहाचे आजोबा

माझ्या सोन्यांनो, परवा तुमची आई फोनवर म्हणाली, की नागपूरचे आजोबा तुम्हाला आता फोटोपुरतेच आठवतात. म्हणून लिहायला बसले. एखादा शब्द अडला तर आईला विचारा.

जगातली कुठलीही गोष्ट आठ आणि सहा यांत बसते, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा व्याही निघाला, म्हणजे तुमचे हे आजोबा. ते मिशनच्या शाळेत शिकले, पुढे तिथेच त्यांनी इंग्रजी शिकवलं. इंग्रजांची कितीतरी भजनं आणि जुनी कथागीतं एकाच छंदात आहेत. एका ओळीत आठ अक्षरं, पुढच्या ओळीत सहा, पुन्हा आठ, पुन्हा सहा. त्यामुळे एका गीताचे शब्द दुसऱ्याच्या चालीवर बिनधास्त गाता येतात. "विहीणबाई, शब्द एका घरचे, चाल दुसऱ्या घरची. लग्नच म्हणा ना!" ते एकदा म्हणाले.

"मग भांडणंही होत असतील," मी म्हणाले.

"होतात की! पण मोजमाप जुळलेलं असलं, की संसार टिकतो."

एका वर्षी आम्ही दोघं एकाच वेळी तुमच्या स्टुटगार्टच्या घरी आलो होतो. तुम्ही तेव्हा रांगत होतात. तुमच्या इमारतीच्या जिन्याला आठ पायऱ्या, मग वळण, मग सहा. दुसऱ्या मजल्यापर्यंत बरोबर एक कडवं! हे कळल्यावर त्यांना जो आनंद झाला, तो तुमच्या आईच्या लग्नातही मी पाहिला नव्हता. जिना पुसायची आठवड्याची पाळी, तिथलं केरवोखं, त्यांनी हट्टाने स्वतःकडे घेतली. एकदा ते दोन दिवस बाहेरगावी गेले, तेव्हा दाराला माझ्यासाठी चिठ्ठी लावलेली दिसली:

जिना पुसून झालेला,
बाई, बादली न्या;
सोमवारी येईन मी,
चहा करून द्या.

मी मुकाट्याने अक्षरं मोजली. एकही चुकलं नव्हतं.

खालच्या मजल्यावर एक इंग्रज बाई राहायच्या. त्यांचे जर्मन यजमान गेले. त्यांच्या आवडीचं गीत चर्चमधल्या अंत्यविधीला गायलं जाईल, असा बाईंनी त्यांना शब्द दिला होता. हाताशी होते फक्त शब्द. चाल त्यांना आठवेना आणि ऑर्गनवाल्यालाही माहीत नव्हती. "नुसतं वाचून दाखवा म्हणतात," जिन्यात उभ्या बाई रडू लागल्या. "पण मी गाण्याचं कबूल केलंय हो."

व्याह्यांनी कागद घेतला, बोटांवर अक्षरं मोजली. "आठ-सहा. गाता येईल."

मी बाजूला घेऊन विचारलं, "अहो व्याहीबुवा, तुम्हाला चाल येते?"

"एक येते. शाळा सुटतानाची."

अंत्यविधीच्या दिवशी भीतीपोटी त्यांनी ती शाळा सुटल्याच्याच वेगात धरली. शवपेटी समोर आणि आमचे व्याही दप्तर घेऊन पळाल्यासारखे गाताहेत! मी पदरात तोंड लपवलं. दुसऱ्या कडव्याला मात्र बाईंचा आवाज ऐकू आला, आधी कापरा, मग मोकळा. पाठोपाठ सगळी मंडळी उठून गाऊ लागली. चाल हळूहळू आपोआप संथ झाली. मी मान वर केली. शब्द आणि सूर कधी परके होते, असं वाटेचना. व्याही कधीचेच थांबले होते, डोळे मिटून नुसते ऐकत होते. या माणसाला मी इतकी वर्षं हसत आले होते. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आजोबा गेले. त्या बाईही गेल्या. ती चाल त्या चर्चमध्ये अजून गातात.